भूगोलाचा तास

भूगोलाचा तास म्हटला की आमच्या वर्गात जांभया सुरू व्हायच्या. परीक्षा संपली की नद्या, पर्वत, खाड्या सगळ्यांशी नातं संपलं! पण अशाच एका तासाने शंभरेक माणसांचे प्राण वाचवले, हे वाचलं तेव्हा त्या जांभयांची मनोमन लाज वाटली.

26 डिसेंबर 2004 ची सकाळ. सुमात्रा बेटाजवळ समुद्राच्या तळाशी 9.1 तीव्रतेचा भूकंप झाला होता. इकडे थायलंडमध्ये, फुकेतच्या माई खाओ किनाऱ्यावर टिली स्मिथ ही दहा वर्षांची इंग्लिश मुलगी घरच्यांबरोबर फिरत होती. नाताळची सुट्टी होती. समुद्र मात्र विचित्र वागत होता. लाट येऊन मागे जात नव्हती, पाणी पुढे पुढेच सरकत होतं आणि त्यावर दाट फेस उसळत होता. मोठ्यांनी पाहिलं आणि सोडून दिलं. टिलीला शाळा आठवली. दोनच आठवड्यांपूर्वी तिचे भूगोलाचे शिक्षक अँड्र्यू कर्नी यांनी 1946 साली हवाई बेटांवर आलेल्या त्सुनामीची फिल्म वर्गात दाखवली होती.

समुद्राचा तळ हादरला की वरचं सारं पाणी ढकललं जातं. खोल समुद्रात ही लाट विमानाच्या वेगाने धावते, पण तिची उंची इतकी कमी असते की जहाजावरच्या माणसाला कळतही नाही. किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात तिचा वेग मंदावतो आणि ती उंच उठते. त्याआधी समुद्र बहुधा खूण देतो. कुठे पाणी लांबवर ओसरतं, कुठे फेसाळत चढू लागतं. खूण ओळखणाऱ्याच्या हाती पळण्यापुरती काही मिनिटं असतात.

टिली सांगू लागली, पण आईला ते पटेना. पोरगी गप्प बसली नाही. घाबरली होती, तरी सांगत राहिली. अखेर वडिलांनी रखवालदाराला गाठलं आणि किनारा रिकामा झाला. मग लाट आली. त्या किनाऱ्यावर एकही जीव गेला नाही. त्या आपत्तीत चौदा देशांतली सव्वादोन लाखांच्या आसपास माणसं गेली.

सुमात्राजवळच्याच सिमेउलुए बेटावर 1907 साली अशीच लाट आली होती. तिथल्या लोकांनी तिला 'स्मोंग' म्हटलं आणि धरणी जोरात हादरून समुद्र ओसरला की डोंगर गाठायचा, ही शिकवण अंगाईतून, गोष्टींतून पोराबाळांना दिली. सत्तर हजारांहून अधिक वस्तीच्या त्या बेटावर 2004 मध्ये अवघी सात माणसं दगावली. कवितेने माणसं वाचतात का, असं कुणी विचारलं की मी हल्ली त्या अंगाईची गोष्ट सांगतो.

टिलीकडे ज्ञान होतं आणि ते बोलून दाखवण्याची हिंमतही होती. मोठी माणसं मान हलवत असताना आपलं म्हणणं धरून ठेवायला फार बळ लागतं. आमच्या घरी मोठ्यांच्या बोलण्यात तोंड घातलं की अम्मी डोळे वटारायची. पुढे मीही माझ्या मुलांना तसंच गप्प केलं. आता ती सवय मोडतो आहे. एखादं पोर धावत काही सांगायला आलं, तर हातातलं काम ठेवतो आणि विचारतो, "काय पाहिलंस, बाळ?"