कुंकू काळं, आभाळ पांढरं: फोटो ‘जुना’ करण्याच्या चटपटीत गोष्टी

रविवारी संध्याकाळी भाईंदर पश्चिमेहून उत्तनकडे जाणारी बस धरा आणि पालीला उतरा. किनाऱ्यावर उंचावलेले मोबाइल दिसणारच. कुणी खडकावर उभं, कुणी ओढून ठेवलेल्या होडीला टेकलेलं, कुणी प्री-वेडिंगसाठी भाड्याने आणलेला घेरदार झगा वाळूतून सावरत चाललेलं. फोटो निघतो आणि परतीच्या बसमध्येच त्याचं वय वाढायला लागतं. थोडा पिवळेपणा, कडांना काळोख, दोन-चार ओरखडे, आणि आजचा फोटो बसल्या जागी साठ वर्षांपूर्वीचा होतो.

या प्रत्येक जुनेपणामागे खरं कारण आहे. त्यात अंडी आहेत, मोहरी आहे, नाक मुरडायला लावणारं रसायन आहे आणि मासळीच्या टोपलीतला माकुलसुद्धा आहे. ती कारणं ठाऊक असली की फिल्टर निवडताना हात अंदाजाने फिरत नाही. कुठल्या काळाचा फोटो हवा, हे ठरवून तो तसा करता येतो.

माकुलची शाई, पण फोटोत नाही

माकुल साफ करताना बोटांना काळपट तपकिरी शाई लागते. ती सहजी निघत नाही, हे पाली-उत्तनच्या कोळणींना वेगळं सांगायला नको. युरोपातल्या चित्रकारांनी अठराव्या शतकाच्या अखेरीपासून हीच शाई सुकवून, शुद्ध करून चित्रांसाठी वापरली. सेपिया रंग मूळचा तिचा.

फोटोतल्या सेपियात मात्र माकुलचा एक थेंबही नसतो. काळ्या-पांढऱ्या फोटोतला काळा रंग म्हणजे बारीक कणांची चांदी. फोटो आधी पोटॅशियम फेरीसायनाइडच्या पाण्यात फिका करायचा, मग सोडियम सल्फाइडमध्ये बुडवायचा. चांदीचं सिल्व्हर सल्फाइड होतं आणि चित्र तपकिरी होऊन परत उमटतं. खोलीभर सडक्या अंड्यांचा वास सुटतो.

एवढी खटपट करण्याचं एक कारण रंगाची ऊब, दुसरं टिकाऊपणा. साध्या चांदीला हवेतल्या वायूंचा त्रास होतो, सिल्व्हर सल्फाइडला फारसा होत नाही. आज आपण फोटो मुरलेला दिसावा म्हणून सेपिया करतो. त्या काळी तो खराब होऊ नये म्हणूनही करत.

साठ लाख अंडी

एकोणिसाव्या शतकातल्या फोटोंना येणारी मऊ पिवळसर झाक पुष्कळदा अंड्यांची असते. १८५० मध्ये लुई ब्लांकार-एव्हरार या फ्रेंच माणसाने कागदावर अंड्याच्या पांढऱ्याचा थर देऊन त्यावर फोटो छापायची रीत काढली. पुढची चाळीसेक वर्षं जगभर हाच कागद चालला. जर्मनीतलं ड्रेस्डेन शहर या कागदाचं मोठं केंद्र. तिथल्या एका कारखान्याने १८८८ या एका वर्षात साठ लाखांहून जास्त अंडी या कामी फोडली. पांढऱ्याचा हा थर वयाबरोबर पिवळा पडतो. त्यातही फोटोतला उजळ भाग आधी पिवळा दिसतो आणि गडद भाग बराच काळ जागेवर राहतो.

म्हणून सगळ्या फोटोवर सारखा पिवळा रंग ओतला की तो लबाड वाटतो. पिवळेपणा उजळ भागात द्या, सावल्यांना कमी.

गाईंनी मोहरी खाल्ली नाही तर?

कागदावरचा थर अंड्याचा, तर फिल्मवरचा जिलेटिनचा, आणि जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यांचं. १९२० च्या दशकात कोडॅक कंपनीला कोडं पडलं होतं. एका खेपेच्या जिलेटिनची फिल्म झकास, तर दुसऱ्या खेपेची मंद. सॅम्युएल शेपर्ड या त्यांच्या शास्त्रज्ञाने १९२५ च्या सुमारास उत्तर शोधलं. मोहरीवर्गातल्या वनस्पती खाल्लेल्या गाईंच्या जिलेटिनमध्ये गंधकाची संयुगं अगदी सूक्ष्म प्रमाणात उतरत होती आणि तीच फिल्मला प्रकाशाबाबत तल्लख करत होती. आपल्या मोहरीचा झणका ज्या संयुगाचा, त्याच्याच घराण्यातली ही.

कुंकू काळं का?

आता माझ्या सर्वांत आवडत्या गोष्टीकडे येतो. घरातला आजी-पणजीचा जुना फोटो काढा आणि कपाळ बघा. कुंकू कोळशासारखं काळं दिसतं. ओठही गडद. मागचं आभाळ मात्र पांढरंफटक, ढगांचा पत्ता नाही.

कारण त्या काळची फिल्म लाल रंगाला आंधळी होती. अगदी सुरुवातीच्या काचेच्या प्लेटा जवळजवळ फक्त निळा प्रकाश टिपायच्या. नंतर ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म आली, तिला हिरवाही दिसू लागला, लाल नाहीच. जे फिल्मला दिसत नाही ते फोटोत काळं येतं, आणि जे जास्त दिसतं ते पांढरं. लाल कुंकू काळं, निळं आभाळ पांढरं. उत्तन-पालीच्या जुन्या ख्रिस्ती कोळी आणि ईस्ट इंडियन घरांतल्या बायकांची लालभडक चौकड्यांची लुगडी अशा फिल्मवर काळीभोर उतरणार, चौकडी जेमतेम कळणार. डार्करूममध्ये लाल दिवा चालायचा तोही याच आंधळेपणामुळे.

सगळे रंग दिसणारी पॅनक्रोमॅटिक फिल्म सिनेमावाल्यांनी १९२० च्या दशकात मोठ्या प्रमाणावर उचलली. घरगुती कॅमेऱ्यांपर्यंत ती सावकाश आली. कोडॅकचा लोकप्रिय ‘व्हेरिक्रोम’ रोल १९३१ पासून ऑर्थो होता. त्याच्या जागी सगळे रंग पाहणारा ‘व्हेरिक्रोम पॅन’ आला तो थेट १९५६ मध्ये.

याचा उपयोग असा. पालीच्या खडकावर लाल साडीतल्या बहिणीचा फोटो आहे आणि तो १९३० च्या आसपासचा दिसायला हवा. बहुतेक लोक नुसता रंग काढून टाकतात. मग साडी मधल्याच राखाडी रंगाची होते आणि आभाळ तिच्याहून फारसं वेगळं राहत नाही. त्याऐवजी स्नॅपसीडमध्ये ‘ब्लॅक अँड व्हाइट’ उघडा. तिथे रंगांचे गोल ठिपके असतात. हिरवा निवडला की ऑर्थोच्या जवळ जाता, निळा निवडला की त्याहून जुन्या काचेच्या प्लेटकडे. साडी झर्रकन काळी होते, टिकली ठसठशीत होते, समुद्रावरचं आभाळ उडून पांढरं पडतं. त्वचा थोडी सावळी होते, तीही तशीच राहू द्या. कुठलाही ओरखडा न मारता फोटो नव्वद वर्षं मागे जातो.

कातर आणि गोंद, मुंबई, १८६३

‘पूर्वी फोटो खरे असायचे, आता सगळं एडिटिंग’ असं म्हणणाऱ्यांना विल्यम जॉन्सनची गोष्ट सांगावी. हा मुंबईत सरकारी नोकरीत होता. ऑक्टोबर १८५४ मध्ये मुंबईत बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी निघाली. तिच्या सुरुवातीच्या मंडळींत तो होता, आणि डॉ. भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजीही होते. मुंबईतल्या निरनिराळ्या जातीजमातींच्या लोकांचे फोटो घेऊन जॉन्सनने दोन खंड काढले, पहिला १८६३ मध्ये आणि दुसरा १८६६ मध्ये.

त्यातल्या माणसांच्या मागे मुंबईची देवळं, रस्ते, इमारती दिसतात. प्रत्यक्षात ती माणसं तिथे उभी नव्हतीच. माणसांचे गट वेगळे टिपले, मागची दृश्यं वेगळी, आणि नंतर दोन्ही जोडून एक चित्र केलं. त्या काळी फोटोला लागणारा वेळ, बाहेरचं ऊन, गर्दीची हालचाल पाहता त्याला ते सोयीचं पडलं असणार. बारकाईने पाहिलं की माणसांची बाह्यरेषा जरा जास्त धारदार दिसते आणि सावल्यांची दिशा जुळत नाही. आज ‘बॅकग्राउंड बदला’ हे बटण दाबल्यावर जी चूक होते, तीच ही, दीडशेहून जास्त वर्षं जुनी.

गावोगावच्या स्टुडिओंनी ही कला पुढे घरगुती केली. निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलने ‘टचिंग’ करून देवीचे व्रण आणि सुरकुत्या घालवायच्या. काळ्या-पांढऱ्या फोटोवर ब्रशने साडीचा काठ सोनेरी करायचा, अंगावर नसलेले दागिने चढवायचे. नवरा-बायकोचा एकत्र फोटो कधी निघालाच नसेल तर दोघांचे वेगवेगळे फोटो जोडून एक फ्रेम करून द्यायचे. अशा फ्रेमवर प्रेमाने हार घातला गेला आणि कुणी तिला खोटी म्हटलं नाही, ते मला योग्यच वाटतं.

खारा वारा काय करतो

समुद्रकाठच्या घरांत फोटो लवकर म्हातारे होतात. दमट हवेत चांदी हळूहळू पृष्ठभागावर येते आणि फोटो तिरका धरला की गडद भागांवर निळसर रुपेरी चमक दिसते. जिलेटिन बुरशीला आवडतं, म्हणून पावसाळ्यात जाळीदार डाग उमटतात. फोटो छापताना ‘हायपो’ नीट धुतला गेला नसेल तर वर्षांनंतर पिवळे-तपकिरी डाग पडतात. हायपो म्हणजे सोडियम थायोसल्फेट. चांदीचे क्षार त्यात विरघळतात हा शोध जॉन हर्शेलने १८१९ मध्येच लावला होता, फोटोग्राफी जगापुढे यायच्या वीस वर्षं आधी.

घरचा असा फोटो मोबाइलवर सजवायचा असेल तर आधी ६०० डीपीआयला स्कॅन करा, मूळ स्कॅन बाजूला ठेवा आणि प्रतीवर काम करा. ओल्या फडक्याने फोटो पुसू नका. जिलेटिन फुगतं आणि चेहरा फडक्याला लागून येतो.

सत्तरचं दशक लालसर का?

रंगीत फोटोंचं म्हातारपणही रंगीतच. त्यात चांदी उरत नाही. निळसर, किरमिजी आणि पिवळा असे तीन रंगद्रव्यांचे थर असतात. त्या काळच्या कागदांवर अंधारात, म्हणजे अल्बममध्ये, निळसर रंग सर्वांत आधी विटायचा. उरलेले दोन मिळून लाल-नारिंगी छटा देतात. म्हणून त्या वेळच्या लग्नाच्या अल्बममध्ये सगळा मांडव लालसर दिसतो.

हा परिणाम हवा असेल तर ‘कर्व्ह्ज’मध्ये लाल रेषेचं डावं खालचं टोक थोडं वर उचला. सावल्या लालसर होतील आणि काळा रंग पूर्ण काळा राहणार नाही. फोटो चौरस कापा. आपल्याकडे त्या पिढीच्या कितीतरी घरांत बडोद्याला बनलेला ‘आग्फा क्लिक थ्री’ कॅमेरा होता. त्यात १२० नंबरच्या रोलवर बारा चौरस फोटो निघत. काळा-पांढरा हवा असेल तर ‘इंदू’ आठवा. उटीच्या सरकारी हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा हा रोल १९६७ च्या सुमारास बाजारात आला. बारा फोटोंत सगळी सहल बसवायची, म्हणून माणसं ओळीने उभी राहून श्वास रोखायची. हा ताठपणा कुठल्याही ॲपमध्ये मिळत नाही. पालीला गेलात तर एकदा सगळ्यांना तसं उभं करून पाहा.

झटपट पाच

एक्स-प्रो टू हा इन्स्टाग्रामचा अगदी सुरुवातीचा फिल्टर स्लाइडची फिल्म चुकीच्या रसायनात धुतल्यावर येणाऱ्या भडक रंगांची नक्कल करतो. इन्स्टाग्राम ६ ऑक्टोबर २०१० ला आलं.

त्याच वर्षी ३० डिसेंबरला अमेरिकेतल्या कॅन्ससमधल्या एका प्रयोगशाळेने कोडाक्रोमचे रोल धुवायला घेणं कायमचं थांबवलं. १९३५ ची ही फिल्म दोन संगीतकारांनी शोधली होती, लिओपोल्ड मॅनेस आणि लिओपोल्ड गोडोव्स्की.

पोलरॉइड हलवल्याने लवकर उमटत नाही. उलट बिघडू शकतो, असं कंपनीनेच २००४ मध्ये सांगितलं.

‘हुजी कॅम’ ॲप फोटोच्या कोपऱ्यात साल ९८ छापतं. तशी नारिंगी तारीख छापणाऱ्या पुष्कळ जुन्या कॅमेऱ्यांचं कॅलेंडर २०१९ लाच संपलं.

सप्टेंबर २०२५ मध्ये जेमिनी या एआय ॲपवर स्वतःच्या फोटोला जुन्या हिंदी सिनेमाच्या थाटातली शिफॉनची साडी नेसवून घेण्याची लाट आली. दिसायला सुरेख. पण ते यंत्र सगळं चित्र नव्याने रंगवतं, त्यात नाकाचा बाकही बदलतो. आईच्या ओळखीचा चेहरा जिथे राहत नाही तो फोटो मी अल्बममध्ये लावणार नाही.

पालीसाठी खास कृती

फोटो ऊन कलल्यावर काढा. मागे बोंबील सुकवायच्या वलांडी किंवा होडीचा नाळेकडचा भाग येऊ द्या, मोबाइलचा टॉवर टाळा. आधी काळ ठरवा: काचेची प्लेट, ऑर्थो, क्लिक थ्री की लाल पडलेला रंगीत. त्या काळाची एकच खूण नीट वापरा. कडांचा काळोख दिसेल न दिसेल एवढाच ठेवा, चांगल्या लेन्समध्ये तो तेवढाच असायचा. दाणेदारपणा सावल्यांपेक्षा मधल्या राखाडी भागात जास्त दिसू द्या. ओरखडे शेवटी, आणि शक्यतो नकोतच. जपलेल्या फोटोंवर ते नसतात.

मग प्रिंट काढा आणि मागे खरी तारीख व माणसांची नावं लिहा, नाहीतर तीस वर्षांनी नातवंडं हिशोब लावत बसतील की आजी १९३० मध्ये पालीला होती कशी. लिहायला मऊ पेन्सिल घ्या. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो आणि शाई दमटपणात पसरते. कागद प्लॅस्टिकच्या थराचा असेल आणि पेन्सिल चालत नसेल तर चिठ्ठी लिहून फोटोबरोबर त्याच पाकिटात ठेवा.