ऑनलाईन अभ्यासक्रमाची तयारी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

संगमेश्वर तालुक्यात ऑनलाईन शिकवण्याचा विषय निघाला की लोकांना अजून २०२० सालच आठवतं. मार्चमध्ये शाळा-कॉलेजं बंद झाली. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ कोकण किनाऱ्यावर आदळलं. वाड्यांवरची मुलं रेंजसाठी टेकाडं चढू लागली. त्या दिवसांत शिक्षकांनी जे केलं ते जीव ओतून केलं, पण ती संकटकाळातली सोय होती, आखून केलेलं ऑनलाईन शिक्षण नव्हे. अमेरिकेतल्या चार्ल्स हॉजेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मार्च २०२० मध्येच हा फरक लिहून ठेवला. पूर्ण ऑनलाईन विद्यापीठीय अभ्यासक्रमाच्या तयारीला एरवी सहा ते नऊ महिने लागतात, असं त्यांनी नोंदवलं. आपल्याकडे मात्र त्या घाईतल्या अनुभवालाच ऑनलाईन शिक्षण समजलं गेलं आणि त्यातून काही समज घट्ट होऊन बसले.

गैरसमज : वर्गात चांगलं शिकवता येतं, मग वेगळी तयारी कशाला?

वर्गात समोरचा चेहरा गोंधळलेला दिसला की शिक्षक तिथल्या तिथे दुसरं उदाहरण देतो. ऑनलाईन विद्यार्थी माखजनच्या एखाद्या घरात रात्री नऊला एकटा बसलेला असतो आणि त्याची शंका विचारायला कोणी जवळ नसतं. म्हणून शंका कुठे येईल हे आधी ओळखून उत्तर तिथे ठेवावं लागतं. दूरशिक्षणाला हे फार पूर्वी कळलं. १९८९ साली राम ताकवले यांच्या नेतृत्वाखाली नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ उभं राहिलं. मुक्त विद्यापीठाच्या पद्धतीत पुस्तक शिक्षकाची जागा घेतं. घटकाच्या सुरुवातीला उद्दिष्टं, मध्येमध्ये स्वतःला तपासायचे प्रश्न आणि शेवटी त्यांची उत्तरं, हे सगळं विद्यार्थी दाखल होण्याआधी लिहून तयार असावं लागतं.

तयारीची सुरुवात कुठून करायची, यावर माझं मत ठाम आहे : शेवटापासून. अभ्यासक्रम संपल्यावर विद्यार्थ्याला काय करता आलं पाहिजे, ते आधी लिहा. समजा, बागायतदारांसाठी आंब्यावरच्या किडींचा अभ्यासक्रम आहे. ‘आंब्यावरील किडींची माहिती घेणे’ हे उद्दिष्ट पुरेसं नाही, कारण ते साधलं की नाही हे तपासताच येत नाही. ‘मोहोरावरचा तुडतुडा ओळखून फवारणी करायची की थांबायचं हे ठरवता येणे’ असं लिहिलं की बाकीची वाट दिसू लागते. तुडतुडे आणि त्यांची पिल्लं कोवळ्या पालवीतला आणि मोहोरातला रस शोषतात, चिकट स्राव टाकतात आणि त्यावर काळी बुरशी वाढते. मग स्वाध्याय आपोआप ठरतो : आपल्याच बागेतल्या मोहोराचे फोटो काढून पाठवा आणि निर्णयामागचं कारण लिहा. अभ्यासक्रम मोहोराच्या दिवसांतच घ्यावा लागेल, हेही त्याच वेळी लक्षात येतं. व्हिडिओत काय दाखवायचं हा प्रश्न यानंतरचा.

गैरसमज : तासाभराचं व्याख्यान रेकॉर्ड केलं की अभ्यासक्रम तयार.

फिलिप गुओ आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली एडएक्स या ऑनलाईन अभ्यासक्रमांच्या व्यासपीठावरच्या ६९ लाख व्हिडिओ-सत्रांचा अभ्यास केला. व्हिडिओ कितीही लांब असला तरी तो पाहण्याचा मध्यक वेळ सहा मिनिटांच्या पुढे जात नव्हता. म्हणजे चाळिसाव्या मिनिटाला सांगितलेला कळीचा मुद्दा बहुतेकांपर्यंत पोचतच नाही. जुलै २०१७ मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ व्यासपीठाच्या रचनेत व्हिडिओ हा चारांपैकी एकच भाग आहे. वाचनसाहित्य, स्वयंमूल्यमापन आणि चर्चा हे उरलेले तीन.

आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्यूटोरियल’ प्रकल्पाची शिस्त मला फार मोलाची वाटते. तिथे साधारण दहा मिनिटांचा पाठ असतो आणि आधी संहिता लिहिली जाते. ती विषय न जाणणाऱ्या नवख्या माणसाला वाचायला देतात. तो जिथे अडतो तिथे दुरुस्ती होते आणि मगच आवाज रेकॉर्ड होतो. देवरुखच्या शिक्षकालाही हे बिनखर्चात करता येईल. पहिल्या पाठाची संहिता शेजारच्या अकरावीतल्या मुलीला वाचायला द्या आणि ती कुठे थांबते ते बघा.

गैरसमज : आधी चांगला कॅमेरा, माईक, स्टुडिओ हवा.

आवाज स्वच्छ हवा, एवढं खरं. पण खरेदीच्या आधी विद्यार्थ्यांची चौकशी हवी. फोन स्वतःचा की वडिलांचा? घरात तो किती जणांत वाटला जातो? कुठल्या वेळी हातात येतो? रेंज घरात मिळते की सड्यावर जावं लागतं? हे प्रश्न फोन करून किंवा कागदावर विचारा, कारण ज्याला नेट नाही तो ऑनलाईन फॉर्म भरणार नाही आणि तुमच्या मोजणीतूनच गळेल. पुढचा हिशेब साधा आहे. सेकंदाला १ मेगाबिट वेगाने तासभर व्हिडिओ पाहिला तर सुमारे ४५० एमबी जातात. तेच बोलणं ३२ किलोबिटच्या ध्वनिफितीत १५ एमबीच्या आत बसतं. दोन भावंडं एका नेटपॅकवर असतील, तर शिक्षकाचा हा एक निर्णय त्यांचं शिक्षण चालू ठेवतो किंवा थांबवतो.

याला जोडूनच लोक म्हणतात की लाईव्ह तासाशिवाय ऑनलाईन शिकवणं होत नाही. तसं नाही. जुलै २०२० मध्ये सह्याद्री वाहिनीवर सुरू झालेली ‘टिलीमिली’ मालिका नेटशिवाय, टीव्हीवरून घराघरांत गेली आणि तिने मुलांना घरातल्या, परिसरातल्या वस्तूंतून शिकायला लावलं. लाईव्ह तास शंकांसाठी राखावा, छोटा ठेवावा आणि त्यातलं काहीही फक्त तिथेच मिळेल असं असू नये. पावसाळ्यात आपल्याकडे लाईट कधी जाईल याचा भरवसा नाही, म्हणून जून-जुलैत ठरल्या मिनिटाची परीक्षा लावूच नये. गणपती आणि शिमग्याचे आठवडेही मोकळे सोडावेत. त्या दिवसांत इथे कोणी अभ्यासाला बसत नाही.

आजच्या मुलांना मोबाईलमधलं सगळं येतं, हाही एक समज. रील बनवणाऱ्या मुलाला पीडीएफ बनवून तिला नाव देणं, ती जोडून पाठवणं येतंच असं नाही. पहिल्या धड्याआधी एक आठवडा फक्त यासाठी ठेवा : लॉगइन करा, स्वतःची ओळख लिहा, एक फोटो पाठवून पाहा. गुण नकोत.

गैरसमज : मुलं मध्येच सोडतात, कारण त्यांना गांभीर्य नसतं.

जस्टिन राइश आणि होसे रुईपेरेझ-व्हॅलिएंते यांनी २०१९ साली एमआयटी आणि हार्वर्डच्या खुल्या अभ्यासक्रमांची आकडेवारी मांडली. नोंदणी करणाऱ्यांपैकी जेमतेम तीन टक्के अभ्यासक्रम पुरा करत होते आणि निम्म्याहून अधिक जण तर एकदाही आत शिरले नव्हते. ही गळती शिकवणं सुरू होण्याआधीची आहे, तेव्हा उपायही आधीच हवा. सुरू होण्याच्या आठवडाभर आधी साधा मेसेज जावा : पहिल्या दिवशी काय करायचं, आठवड्याला किती वेळ लागेल, अडलं तर कोणाला आणि कधी फोन करायचा. ज्याचं उत्तर आलं नाही, त्याला शिक्षकाने स्वतः फोन करावा.

हे सगळं करायला वेळ लागतो, आणि इथेच संस्थाचालकांचा गैरसमज आड येतो. ऑनलाईनमध्ये खोली लागत नाही, खडू लागत नाही, म्हणून शिक्षकाचं काम कमी, असं ते धरून चालतात. पहिल्या खेपेला काम वर्गापेक्षा जास्त असतं आणि त्यातलं बहुतेक पहिल्या तासाच्या आधीचं असतं. तालुक्यातल्या शाळा-कॉलेजांच्या व्यवस्थापनांना विनंती आहे की, पुढचा ऑनलाईन अभ्यासक्रम जाहीर करण्याआधी तयारीचे तास शिक्षकाच्या कार्यभारात लिहून द्यावेत आणि ते देता येत नसतील तर सुरुवातीची तारीख पुढे ढकलावी.