ब्लॅकआउट झाला, तरी दिवा मिणमिणतो का? लाइट कन्सोलची देखभाल अशी होते

प्रवेश संपतो, ब्लॅकआउट होतो, पण एक दिवा मंद जळतच राहतो. अंधारात सामान हलवणारी माणसे प्रेक्षकांना दिसतात आणि प्रसंगाचा परिणाम जातो. अशा वेळी दोष दिव्याला दिला जातो. पण कारण अनेकदा प्रकाश नियंत्रित करणाऱ्या कन्सोलमध्ये, म्हणजे लाइट बोर्डमध्ये, किंवा त्याच्या केबलमध्ये असते.

कन्सोल नेमके काय करतो?

कन्सोल दिव्याला वीज देत नाही, फक्त आकडे पाठवतो. त्यासाठी जगभर डीएमएक्स ५१२ ही पद्धत वापरली जाते. अमेरिकेतील रंगभूमी तंत्रज्ञांच्या संस्थेने ती १९८६ मध्ये तयार केली. एका केबलमधून ५१२ चॅनेल जातात आणि प्रत्येक चॅनेलची किंमत ० ते २५५ यांमध्ये असते. फेडर एक टक्का वर राहिला, तर साधारण ३ हा आकडा जातो. जुन्या हॅलोजन दिव्यात एवढ्याने काही दिसत नाही. एलईडी दिवा मात्र तेवढ्यावरही उजळू शकतो.

फेडर शून्यावर असूनही शून्य का जात नाही?

फेडरच्या फटीतून आत धूळ जाते, सरकपट्टी झिजते. त्यामुळे दांडा तळाला असूनही कन्सोलला तो किंचित वर आहे असे वाटते. बऱ्याच कन्सोलमध्ये यावर कॅलिब्रेशनची सोय असते. सेटिंगमध्ये जाऊन प्रत्येक फेडर तळापासून टोकापर्यंत नेला की कन्सोल दोन्ही टोके नव्याने नोंदवतो. फेडर मध्येच उडी मारत असेल, तर मात्र कॅलिब्रेशनने भागत नाही. तो साफ करावा किंवा बदलावा लागतो.

दोष कन्सोलचा की बाहेरचा?

हे ओळखण्याची सोपी पद्धत आहे. कन्सोलच्या पडद्यावर आउटपुटचे आकडे बघायचे. त्या चॅनेलवर ० नसेल, तर फेडर, दुसऱ्या पानावर उघडा राहिलेला सबमास्टर किंवा चुकीचा क्यू तपासायचा. पडद्यावर ० असूनही दिवा जळत असेल, तर दोष पुढे आहे. एलईडी दिवा साध्या डिमरवर लावला असेल, तर डिमरमधून झिरपणाऱ्या विजेनेही तो मिणमिणतो. तिथे कन्सोलवर कितीही वेळ घालवला तरी उपयोग नाही.

दिवे अचानक लुकलुकत असतील, तर आधी केबल पाहावी. डीएमएक्ससाठी १२० ओहमची केबल लागते. माइकची केबल जोडता येते, पण लांब अंतरावर ती दगा देते. ओळीतल्या शेवटच्या दिव्यावर १२० ओहमचा टर्मिनेटर लावला नाही, तर टोकावरून सिग्नल परत फिरतो आणि मूळ सिग्नलमध्ये मिसळतो. विनाविभाजक एका ओळीवर ३२ पेक्षा जास्त उपकरणे जोडू नयेत.

नियमित काय करायचे?

साफसफाईआधी कन्सोल बंद करून प्लग काढावा. मऊ ब्रश आणि कोरडे कापड पुरते. द्रव थेट बटणांवर फवारू नये. कुलूप-कब्ज्यांसाठीचा तेलकट स्प्रे फेडरमध्ये मारणे ही सर्रास होणारी चूक आहे: फेडर काही दिवस छान सरकतो, मग तेलाला धूळ चिकटून अधिक खराब होतो. पंख्याची जाळी धुळीने भरली की आतले भाग तापतात, म्हणून तीही साफ ठेवावी. पावसाळ्यात कन्सोल दमट खोलीत उघडा ठेवू नये आणि वापरात नसताना झाकावा.

पॉवर सप्लाय उघडणे मात्र जाणकार तंत्रज्ञावर सोडावे. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये काही काळ धोकादायक विद्युतदाब राहू शकतो.

काही जुन्या कन्सोलमध्ये क्यू आतल्या छोट्या बॅटरीच्या जोरावर टिकतात. ती संपली की प्रयोगाचे सगळे काम पुसले जाते. म्हणून बॅटरी बदलण्याआधी आणि प्रत्येक बदलानंतर शो फाइल दोन पेन ड्राइव्हवर ठेवावी. दौऱ्यावर दुसऱ्या नाट्यगृहाचा कन्सोल वापरणार असाल, तर सॉफ्टवेअरची आवृत्ती आधी विचारावी. नव्या आवृत्तीतली फाइल जुन्यात बहुधा उघडत नाही.

तिसऱ्या घंटेआधी

प्रेक्षक आत येण्यापूर्वी प्रत्येक चॅनेल एकेक करून वर आणि पुन्हा शून्यावर न्यावा, मग पूर्ण ब्लॅकआउट करून रंगमंचाकडे पाहावे. मिणमिणणारा दिवा तेव्हा सापडला, तर दुरुस्तीला वेळ मिळतो. कन्सोल यूपीएसवर असावा, कारण वीज क्षणभर गेली तरी तो पुन्हा सुरू व्हायला काही मिनिटे लागू शकतात. रिकाम्या नाट्यगृहात तेवढी वाट पाहता येते, पण प्रयोग सुरू असताना ती मिनिटे नटांना अंधारात काढावी लागतात.