ट्रॅक्टरचा रंग नको, इंजिन बघा

पहिला चांगला पाऊस पडून शेताला वाफसा येतो तो चार-सहा दिवसांचा. त्या दिवसांत ट्रॅक्टर रानात पाहिजे. तो नेमका तेव्हाच मिस्त्रीच्या दारात उभा राहिला, तर पेरणी लांबते, भाड्याच्या ट्रॅक्टरसाठी नंबर लावावा लागतो आणि बँकेचा हप्ता काही थांबत नाही. म्हणून शेतकरी बंधूंनो, ट्रॅक्टर नवा घ्या की जुना, आधी इंजिन बघा. आपल्या तालुक्यात, आपल्या मिस्त्रीच्या हातून लवकरात लवकर पुन्हा चालू होईल, तेच इंजिन भरवशाचे समजावे. हॉर्सपॉवरचा प्रश्न त्यानंतरचा.

हॉर्सपॉवरचा हिशेब

माहितीपत्रकावर मोठ्या अक्षरात छापलेली हॉर्सपॉवर बहुधा नुसत्या इंजिनाची असते. रोटाव्हेटर किंवा मळणी यंत्र चालते ते पीटीओवर, आणि तिथे ताकद त्याहून कमी मिळते. मऊ रानात चाके घसरली की नांगराला त्याहूनही कमी. म्हणून डीलरला ‘पीटीओ एचपी किती?’ असे स्पष्ट विचारा.

दुसरा प्रश्न ओढीचा, म्हणजे टॉर्कचा. पल्टी नांगर कडक जागी अडला की इंजिनाचे फेरे उतरतात. फेरे उतरताना ज्याची ओढ वाढते, ते इंजिन गियर न बदलता पुढे निघते. ज्याची वाढत नाही, ते धूर सोडते आणि बंद पडते. काळ्या भारी जमिनीत हा फरक पहिल्याच तासाला कळतो.

ही माहिती डीलरच्या तोंडून ऐकण्यापेक्षा कागदावर बघावी. मध्य प्रदेशात बुदनी येथे केंद्र सरकारची कृषी यंत्र प्रशिक्षण व चाचणी संस्था आहे. तिच्या चाचणी अहवालात पीटीओची ताकद, टॉर्क आणि डिझेलचा खर्च दिलेला असतो. आपल्या मॉडेलचा अहवाल मागून घ्या. समजा, २० किलोवॅट भारावर एक इंजिन दर किलोवॅट-तासाला २५० ग्रॅम डिझेल खाते आणि दुसरे २९० ग्रॅम. फरक झाला तासाला ८०० ग्रॅम, म्हणजे जवळजवळ एक लिटर. वर्षाला ५०० तास काम धरले तर सुमारे ४८० लिटर डिझेल जास्त जाते. किमतीत सोडवलेले पाच-दहा हजार अशा रीतीने पहिल्याच वर्षी निघून जातात.

सुटा भाग कुठे मिळतो?

बॉनेटवर नाव एकाचे आणि आत इंजिन दुसऱ्याचे, असे पुष्कळदा असते. स्वराज ७२४ ला किर्लोस्करचे दोन सिलिंडरचे इंजिन होते. मॅसी फर्ग्युसनच्या अनेक मॉडेलांत चेन्नईच्या सिम्पसन कंपनीचे इंजिन असते. तेव्हा पिस्टन, रिंगा, लायनर, गॅस्केट शोधायचे ते इंजिनाच्या नावाने.

कंपनीच ट्रॅक्टर बनवणे थांबवते, असेही होते. एचएमटीचा ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय २०१६ साली झाला. पुण्याच्या फोर्स मोटर्सने ३१ मार्च २०२४ पासून ट्रॅक्टरचा धंदा सोडला. या ट्रॅक्टरांची इंजिने त्यामुळे वाईट ठरत नाहीत, आणि ती स्वस्तात मिळूही शकतात. पण घेण्याआधी तालुक्याच्या बाजारात जाऊन तीन वस्तूंचा भाव विचारावा: हेड गॅस्केट, लायनर-पिस्टन सेट आणि वॉटर पंप. तिन्ही दुकानात हजर असतील तरच पुढचे बोलणे.

५० हॉर्सपॉवरवरील नव्या ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून धुराचे कडक नियम लागू झाले. त्यामुळे अशा ट्रॅक्टरांत बहुधा संगणकावर चालणारी कॉमन रेल पद्धत येते. ती डिझेल नेमके जाळते, पण भेसळीचे किंवा कॅनमध्ये पाणी गेलेले डिझेल तिला चालत नाही, आणि बिघाड शोधायला कंपनीचे यंत्र लागते. सर्व्हिस सेंटर जवळ नसेल आणि काम भागत असेल, तर साध्या पंपाचे लहान इंजिन बरे.

जुना ट्रॅक्टर घेताना

सोबत आपला मिस्त्री न्यावा आणि सकाळी लवकर जावे. इंजिन थंड आहे ना, हे हात लावून बघा. गरम लागले तर विकणाऱ्याने आधीच चालू करून ठेवले आहे, असे समजून दुसऱ्या दिवशी जा.

थंड असतानाच रेडिएटरचे झाकण उघडा. पाण्यावर तेलाचा तवंग नको. डिपस्टिकवरचे ऑईल दुधाळ चहासारखे दिसले तर आत पाणी शिरले आहे. मग एअर क्लीनरकडून इंजिनाकडे जाणारी नळी काढून आत बोट फिरवा. बोटाला माती लागली तर त्या इंजिनाने धूळ खाल्ली आहे, आणि धूळ खाल्लेल्या लायनरचे आयुष्य थोडेच उरते.

चालू केल्यावर धूर बघा. सुरुवातीचा थोडा पांढरा धूर जातो. निळा धूर टिकून राहिला तर ऑईल जळते आहे. भार नसतानाही काळा धूर येत असेल तर नोझल, पंप किंवा एअर क्लीनरचा दोष. ब्रीदरमधून भसाभस धूर येत असेल तर रिंगा गेल्या. त्यानंतर अर्धा तास नांगराला जुंपा आणि ऑईल प्रेशर व तापमानाच्या काट्यांवर नजर ठेवा. नुसत्या उभ्या ट्रॅक्टरवर सौदा करू नका.

‘इंजिन आत्ताच बांधलंय’ असे सांगितले तर बिल मागा आणि क्रँक स्टँडर्ड आहे, दहावर आहे, वीसवर की तीसवर, ते विचारा. क्रँक जितकी घासलेली, तितका पुढच्या वेळी वाव कमी.

शेवटी आरसी बुकातला इंजिन नंबर आणि ब्लॉकवरचा नंबर स्वतः ताडून पाहा. बँकेचा बोजा उतरल्याचा फॉर्म ३५ आणि नावावर करण्याचे फॉर्म २९ व ३० हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये.

गावपातळीवर काय करता येईल?

गावातले ट्रॅक्टर कोणकोणत्या इंजिनाचे आहेत, याची यादी सोसायटीने किंवा ग्रामपंचायतीने एकदा करावी. दोन-तीनच प्रकार निघाले तर त्यांचे फिल्टर, बेल्ट, गॅस्केट सोसायटीच्या दुकानात ठेवता येतील. मे महिन्यात जवळच्या आयटीआयच्या डिझेल किंवा ट्रॅक्टर मेकॅनिक शाखेतील शिक्षकांना बोलावून तपासणीचा एक दिवस ठेवावा. नवा ट्रॅक्टर घेणाऱ्यानेही ही यादी आधी पाहावी. शेजाऱ्याकडे आहे तेच इंजिन घेतले, तर अडल्या वेळी अनुभव, हत्यारे आणि मिस्त्री गावातच सापडतात. ऐन वाफशात त्याचा उपयोग पाच हॉर्सपॉवर जादा असण्यापेक्षा नक्कीच मोठा आहे.