जोड

मराठी शिकवणाऱ्या माणसाला एक खोड लागते. कोठेही गेला तरी तो शब्द वेचीत बसतो. शाळकरी मुलांच्या कुस्त्या पाहायला मी जातो, तोही थोडासा या खोडीपायीच. आपल्या बोलण्यात आखाड्याने केवढी भर घातली आहे पाहा! आपण निवडणुकीत शड्डू ठोकतो, वादात समोरच्याला चीतपट करतो, कचेरीत डावपेच लढवतो आणि जमलेच तर एखाद्याला अस्मान दाखवतो. हे सारे शब्द जिंकणाऱ्याचे. पण त्याच आखाड्यातला एक शब्द मात्र आपण घरी आणला नाही. पैलवान ज्याच्याशी लढतो त्याला तो वैरी म्हणत नाही, ‘जोड’ म्हणतो. तोलामोलाची जोड मिळाली नाही तर त्याला चुकल्यासारखे होते. ज्याला पाडायचे त्यालाच जोड म्हणायचे, यात खेळाची सारी नीती आली, असे मला वाटते.

आमच्या रायगडच्या किनाऱ्यावर नाव आहे ते कबड्डीचे. कुस्तीचे माहेर कोल्हापूर-साताऱ्याकडचे. तरी संध्याकाळी पुळणीवर पोरे एकमेकांना लोळवीत असतातच, आणि एखाद्या हायस्कुलाला हौशी क्रीडाशिक्षक मिळाला की त्यांतूनच एक संघ उभा राहतो. अशाच एका संघाशी माझा काही वर्षांचा परिचय आहे. कोळ्यांची, आगऱ्यांची, नोकरदारांची मिळून आठ-दहा मुले. सरांचे नियम तीनच. कुस्तीच्या आधी आणि नंतर जोडीशी हात मिळवायचा. पंचांशी हुज्जत घालायची नाही. आणि हरलेल्याच्या देखत नाचायचे नाही.

नियम सोपे दिसतात, पण ते मोठमोठ्यांना जड जातात. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीच्या कुस्त्या झाल्या. गादी विभागाच्या अंतिम लढतीत पाठ टेकली की नाही यावर वाद पेटला आणि हरलेल्या मल्लाने पंचांना लाथ मारली. त्याच दिवशी किताबाच्या लढतीतून दुसरा एक मल्ल वेळ संपण्यापूर्वीच निघून गेला. दोघांवर तीन-तीन वर्षांची बंदी आली. आमच्या मुलांनी हे सारे मोबाइलवर पाहिले. त्यांतल्या एकाने सरळ विचारले, “पण सर, पंचच चुकले असतील तर?”

प्रश्न खरा होता. सरांनी उत्तरादाखल खाशाबा जाधवांची हकीकत सांगितली. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये सहावा आला. १९५२ साली हेलसिंकीला जायचे तर पैसे नव्हते. तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनी आपले घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. हेलसिंकीत जपानच्या इशीशी खाशाबांची दीर्घ झुंज झाली. ती संपते न संपते तोच त्यांना सोव्हिएट मल्लापुढे उभे करण्यात आले. मध्ये अर्ध्या तासाची विश्रांती मिळायला हवी होती. पण नियमावर बोट ठेवायला आपला एकही अधिकारी जवळ नव्हता. थकलेले खाशाबा हरले आणि कांस्यपदक घेऊन परतले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक! परतल्यावर त्यांनी कुस्त्या भरवल्या आणि त्या पैशातून प्राचार्यांचे घर सोडवून दिले.

“अन्याय झाला तर बोलायचेच,” सर म्हणाले, “पण ते मी बोलायचे. लेखी तक्रार कशी करायची ते मला ठाऊक आहे. तुझे काम कुस्ती खेळायचे.” मुलाच्या रागाची जबाबदारी मोठ्या माणसाने उचलायची, ही गोष्ट मला मोलाची वाटली. हेलसिंकीत नेमका असा मोठा माणूसच तर हजर नव्हता!

कुस्तीतला दुसरा पेच वजनकाट्यावर असतो. ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिसला ५० किलो गटाच्या अंतिम फेरीपूर्वी विनेश फोगाटचे वजन १०० ग्रॅम जास्त भरले आणि ती बाद झाली. ती तर जगभर खेळलेली मल्ल. पण तेराचौदा वर्षांचे वाढते पोर खालच्या गटात बसावे म्हणून दोन दिवस उपाशी ठेवायचे, पाणी तोडायचे, याला काय म्हणावे? आमचे सर मुलाला वजन भरेल त्या गटात उतरवतात. हरला तर हरला.

तिसरा पेच वयाच्या दाखल्याचा. या संघातला सर्वांत तयार मुलगा गेल्या साली सतरा वर्षांखालील गटाची मर्यादा जेमतेम ओलांडून गेला. पदक हाती आल्यासारखेच होते. गावातली चार वजनदार माणसे सरांकडे आली. “तारखेचे काय, बघता येईल,” म्हणाली. सरांनी सही करायला नकार दिला. गावात पुष्कळ दिवस त्यांच्याशी कोणी नीट बोलेना. मुलगा एकोणीस वर्षांखालील गटात उतरला आणि पहिल्याच फेरीत हरला. उठून त्याने जोडीशी हात मिळवला, समोरच्या शिक्षकांच्या पाया पडला आणि मग कोपऱ्यात जाऊन पोटभर रडला. सर त्याच्या शेजारी नुसते बसून राहिले. आता धाकट्यांच्या सरावाला रोज जोड म्हणून तोच उभा राहतो.

वाचकहो, आपली मुले कदाचित कधी लंगोट लावणार नाहीत. पण परीक्षेचा निकाल, वक्तृत्वस्पर्धा, गाण्याची चढाओढ हेही आखाडेच आहेत, आणि तेथे कडेला आपणच उभे असतो. “शेजारच्याला किती मार्क पडले?” हा आपला पहिला प्रश्न असतो. परीक्षक पक्षपाती होते, हा निकालही मुलाच्या आधी आपणच देतो. शेजारचा आपल्या मुलाचा वैरी नव्हे. त्याच्यामुळेच आपले मूल चार पाने अधिक वाचते. यंदाच्या दिवाळीत त्यालाही फराळाला बोलवावे. चांगली जोड मिळायलाही भाग्य लागते, हे मुलांना आपण सांगितले नाही तर दुसरे कोण सांगणार?