श्वासाच्या मापाचा ट्रम्पेट

भिवंडी तालुक्यातल्या आगरी गावात हळदीच्या रात्री ट्रम्पेट कान देऊन ऐकला की एक गोष्ट लक्षात येते. हे वाद्य दुसऱ्या कुणाच्या तरी संगीतासाठी घडलेलं आहे, आणि वाजवणारा ओठांच्या नि बोटांच्या जोरावर त्यातून आपलं गाणं काढतो आहे. कशेळी, काल्हेर, पूर्णा, माणकोली, अंजूर या पट्ट्यात शेतांच्या जागी गोदामं उभी राहिली, तरी हळद दणक्यातच होते. धवलारीण धवले, म्हणजे लग्नातली गाणी, म्हणते, ब्रास बँड कोळीगीत उचलतो. गाण्याचा मुखडा बहुतेक वेळा ट्रम्पेटकडे असतो. ढोल, कीबोर्ड आणि ध्वनिवर्धकांच्या भिंती यांच्यातून वाट काढत तो सूर दोन गल्ल्या पलीकडे जातो.

या वादकांना कुणी जॅझवाले म्हणत नाही. पण सूर जिथे आहे तिथे थेट न जाता खालून घसरत जाणं, गायकाची ओळ संपते तिथे तिला उत्तर देणं, एकच जागा दर फेरीला वेगळी घेणं, हे जॅझच्या ट्रम्पेटवाल्यांनी शंभर वर्षं केलं तेच आहे. म्हणून जॅझमधल्या खास घडवून घेतलेल्या ट्रम्पेटांची गोष्ट मला भिवंडीपासून दूरची वाटत नाही. किंबहुना तसा ट्रम्पेट ज्याला सर्वांत जास्त हवा, तो इथे उभा आहे आणि बाजारात मिळेल त्यावर वाजवतो आहे.

आधी वाद्य समजून घेऊ. ट्रम्पेट म्हणजे जेमतेम दीड मीटर लांबीची, गुंडाळलेली पितळी नळी. एका टोकाला माउथपीस, दुसऱ्या टोकाला पसरट तोंड, म्हणजे बेल. मधला सरळ भाग साडेअकरा-बारा मिलिमीटर व्यासाचा. एकही पिस्टन न दाबता फुंकलं, तर नेहमीच्या बी फ्लॅट ट्रम्पेटमधून पेटीच्या भाषेत काळी पाचचे सूर निघतात: सा, प, वरचा सा, मग ग, मग प. यातला कुठला सूर लागणार ते ओठ ठरवतात. आपली तुतारी आणि शिंग एवढ्याच नैसर्गिक सुरांवर उभी आहेत, आणि युरोपातला ट्रम्पेटही एकोणिसाव्या शतकापर्यंत बहुतांशी तसाच होता. 1814च्या सुमारास हाइनरिश श्टोल्त्सेल या जर्मन वादकाने व्हॉल्व्हची रचना केली. पुढे 1830च्या दशकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये पेरिने याने पिस्टनला जे रूप दिलं, तेच आजही वापरात आहे. मधला पिस्टन दाबला की नळीत थोडी लांबी जोडली जाते आणि सूर अर्ध्या स्वराने उतरतो. पहिला एका स्वराने उतरवतो, तिसरा दीड स्वराने. तीन बोटांत सगळे बारा स्वर आले.

या हिशेबात एक मूळचीच खोट आहे. प्रत्येक जोडनळीचं माप मोकळ्या नळीला धरून ठरलेलं असतं. दोन किंवा तीन पिस्टन एकत्र दाबले की मूळ नळी आधीच लांब झालेली असते आणि तेवढीच जोड तिला अपुरी पडते, म्हणून सूर चढा लागतो. पहिला-तिसरा एकत्र किंवा तिन्ही एकत्र दाबल्यावर खालच्या सप्तकात हे स्पष्ट ऐकू येतं. चांगल्या ट्रम्पेटवर तिसऱ्या पिस्टनच्या सरकनळीला बोट अडकवायची कडी असते. वादक वाजवता वाजवता ती पुढे ढकलून सूर जागेवर आणतो. स्वस्त वाद्यात ही सरकनळी अडकते, मग सगळा भार ओठांवर येतो.

आता हळदीचा विचार करा. गायक त्याच्या गळ्याची पट्टी सांगतो. काळी पाच, पांढरी चार किंवा काळी दोन असेल तर ट्रम्पेटची बोटं सहज पडतात. काळी चारलाही अडचण नाही. पण पांढरी तीन किंवा पांढरी सात म्हटलं की बऱ्याच स्वरांना दोन-तीन पिस्टन एकत्र दाबण्याची कसरत सुरू होते. त्यात लग्नसराई ऐन उन्हाळ्याची. हवा आणि नळी तापली की फुंकवाद्याचा सूर चढतो, कीबोर्डचा मात्र हलत नाही. वादक मुख्य सरकनळी बाहेर ओढतो, ओठ सैल करतो, आणि हे सगळं नाचणाऱ्यांच्या गर्दीत उभ्याने चाललेलं असतं. यातली मेहनत ऐकणाऱ्याच्या लक्षात येत नाही. ती यावी असं मला फार वाटतं.

खास बनवून घेतलेल्या ट्रम्पेटमध्ये कारागीर नेमकं काय बदलतो? पहिली गोष्ट म्हणजे बेलचं पितळ. सत्तर टक्के तांबं आणि तीस टक्के जस्ताचं पिवळं पितळ उजळ बोलतं. तांबं पंच्याऐंशी-नव्वद टक्क्यांवर नेलं की आवाज गडद होतो असं बहुतेक वादक मानतात. दुसरी म्हणजे पत्र्याची जाडी आणि घडण. उत्तम बेल एकाच पत्र्यातून कापतात, कडा जोडून ठोकतात, मध्येच तापवून धातू मऊ करतात आणि साच्यावर फिरवून आकार देतात. तिसरी गोष्ट माउथपीसमागची पहिली नळी. तिचा निमुळतेपणा किंचित बदलला तरी फुंक मोकळी जाते की अडते, हे वादकाला पहिल्याच स्वरात कळतं. पिस्टन आणि त्याचं घर यांच्यातली फट तर केसाहून कितीतरी बारीक असते. दोन्ही एकमेकांवर घासून बसवलेले असतात, म्हणून एका ट्रम्पेटचा पिस्टन दुसऱ्यात चालत नाही.

हे सगळं ज्याच्यासाठी करायचं, त्याचे दात, ओठांची ठेवण, छाती, उभं राहण्याची सवय आणि तो कुठे वाजवतो, हे कारागिराला माहीत असावं लागतं. व्हिन्सेंट बाख हा मूळचा ऑस्ट्रियन ट्रम्पेटवादक. 1918मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्याने माउथपीस बनवण्यापासून सुरुवात केली आणि काही वर्षांनी तो पूर्ण ट्रम्पेटकडे वळला. सुरुवात माउथपीसपासून झाली हे मला अगदी योग्य वाटतं. माणूस आणि धातू तिथेच भेटतात.

जॅझमधला सर्वांत प्रसिद्ध खास ट्रम्पेट अपघातातून आला. 6 जानेवारी 1953 रोजी न्यूयॉर्कच्या स्नूकीज क्लबमध्ये ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पीच्या पत्नीच्या वाढदिवसाची मेजवानी होती. स्टँडवर ठेवलेल्या ट्रम्पेटवर कुणीतरी पडलं आणि बेल वर वाकली. गिलेस्पीने ती तशीच वाजवून पाहिली आणि आपला आवाज आपल्यालाच आधी आणि अधिक स्पष्ट ऐकू येतो हे त्याच्या ध्यानात आलं. पुढच्या वर्षी त्याने मार्टिन कंपनीकडून मुद्दाम वर वळलेल्या बेलचा ट्रम्पेट करून घेतला आणि शेवटपर्यंत तीच घडण ठेवली. लोकांना ती त्याची खूण वाटली. मूळ फायदा कानाचा होता, आणि गोंगाटात वाजवणाऱ्या कुठल्याही माणसाला तो हवाच असतो.

डेव्हिड मोनेट या अमेरिकन कारागिराने 1980च्या दशकात दुसरी वाट धरली. त्याने धातू जाड केला, वजन वाढवलं आणि काही ट्रम्पेटांत माउथपीस कायमचा जोडून टाकला. विंटन मार्सालिस वर्षानुवर्षं त्याचेच ट्रम्पेट वाजवतो. मोनेटने आपल्या घडणींना राजा, प्राण, समाधी अशी नावं दिली आहेत. आर्ट फार्मर या मृदू वादकासाठी त्याने ट्रम्पेट आणि फ्लूगलहॉर्न यांच्यामधलं एक नवंच वाद्य केलं, फ्लम्पेट. फार्मरला ट्रम्पेटचा नेम हवा होता आणि फ्लूगलहॉर्नची ऊब सोडायची नव्हती. एका माणसाची गरज इतकी नेमकी ऐकून घेणं, ही मला या कारागिरीतली सर्वांत मोठी गोष्ट वाटते.

आपल्याकडे हे सुख फार कमी जणांना मिळालं. मुंबईत जॅझ खऱ्या अर्थाने रुजला तो 1930च्या दशकात. 1935मध्ये लिऑन ॲबीचा कृष्णवर्णीय अमेरिकन वाद्यवृंद ताजमहाल हॉटेलात आला, पाठोपाठ ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफोर्ड. त्यांचं ऐकत गोव्याची पोरं तयार झाली. चर्चच्या शाळेत मेस्तांकडे, म्हणजे संगीतशिक्षकांकडे, नोटेशन शिकून आल्यामुळे वाचन पक्कं होतं, मोकळं वाजवणं त्यांनी इथे कमावलं. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ 1916 साली जन्मले. पुढे चिक चॉकलेट या नावाने ते भारताचे लुई आर्मस्ट्राँग म्हणून गाजले. 1940च्या दशकात ताजमध्ये त्यांचा स्वतःचा बँड होता.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात दारूबंदी आली, नाचगाण्याच्या जागा ओस पडू लागल्या आणि ही मंडळी सिनेमाकडे अधिकच वळली. इथे मराठी माणूस गोष्टीत येतो. पुणतांब्याचे संगीतकार सी. रामचंद्र यांनी चिक चॉकलेट यांना सोबत घेतलं आणि 1951च्या ‘अलबेला’मध्ये भगवानदादांच्या नाचामागे हा गोव्याचा ट्रम्पेट वाजला. पडद्यावरही त्यांचा बँड दिसतो. सी. रामचंद्रांची चाल मुळात गळ्याची, पण त्यांनी ट्रम्पेटला तिच्यात मोकळी जागा दिली. वरातीच्या बँडवाल्यांनी सिनेमाची गाणी उचलली आणि त्यांच्याबरोबर ही जॅझची वळणंही उचलली. भिवंडीच्या हळदीतल्या ट्रम्पेटमागे मला ही वाट दिसते: ताजचं नाचघर, दादरचा स्टुडिओ, वरात, आणि मग आगरी अंगण.

चिक चॉकलेट यांच्याच पिढीतले कुडचड्याचे फ्रँक फर्नांड हेही ट्रम्पेटवादक. 1946मध्ये मसुरीत गांधीजींना भेटल्यावर जॅझमध्ये भारत आणायचा ध्यास त्यांनी घेतला. इच्छा खरी होती, पण हातातल्या वाद्यात तीन पिस्टन आणि बारा स्वर होते. मींड काढायची तर पिस्टन अर्धवट दाबून सूर घसरवायचा. एलिंग्टनच्या जॅझ वाद्यवृंदातल्या रेक्स स्ट्यूअर्टने ही युक्ती 1938मध्ये कलेच्या पातळीवर नेली होती. अर्ध्या पिस्टनचा सूर थोडा कोंडलेला निघतो, त्यात गोडवा आहे, पण आंदोलित कोमल गंधार त्यावर स्थिर धरता येत नाही.

ही अडचण वाद्यातच सोडवली ती डॉन एलिस या अमेरिकन वादकाने, आणि तीही भारतीय संगीत शिकल्यावर. लॉस एंजेलिसला तो रविशंकरांचे शिष्य हरिहर राव यांच्याकडे ताल शिकला. दोघांनी मिळून हिंदुस्तानी जॅझ सेक्स्टेट काढलं. 1965मध्ये होल्टन कंपनीने एलिससाठी चार पिस्टनचा ट्रम्पेट घडवला. चौथा पिस्टन सूर पाव स्वराने उतरवी, म्हणजे बाराच्या जागी चोवीस जागा झाल्या. पुढच्याच वर्षी मॉन्टेरे महोत्सवात त्याच्या वाद्यवृंदाने एकोणीस मात्रांची रचना वाजवली. तिचं नावच त्या मात्रांच्या विभागणीवर आहे: 33 222 1 222. त्याच दशकात लेबनॉनचे नसीम मालूफ यांनी अरबी मकामांसाठी पाव स्वराचा ट्रम्पेट करून घेतला. आज त्यांचा मुलगा इब्राहिम तशाच ट्रम्पेटवर जगभर वाजवतो. आपल्या गाण्यासाठी वाद्य बदलायचं, गाणं वाद्यापुढे झुकवायचं नाही, हे मालूफ कुटुंबाने करून दाखवलं.

मग हळदीच्या ट्रम्पेटचं काय? आपल्या बँडबाजाचं माहेर मेरठ. तिथल्या जली कोठी भागात पितळी वाद्यं घडतात. नादिर अली आणि कंपनी तिथे 1885पासून आहे. देशभरच्या वरातींना पुरेल इतकं आणि परवडेल असं वाद्य या कारागिरांनी दिलं, हे उपकार लहान नाहीत. अमेरिकन अभ्यासक ग्रेगरी बूथ यांनी ‘ब्रास बाजा’ या 2005च्या पुस्तकात वरातीच्या बँडवाल्यांचं जग फार आस्थेने मांडलं आहे. पण मेरठचा बाजा हजारोंसाठी घडतो. त्यात एका माणसाच्या श्वासाचं माप बसत नाही.

यंत्रमागांच्या भिवंडीत मापाची किंमत कळते. माग दुरुस्त करणारा जॉबर एकाच शेडमधल्या दोन मागांना सारखं वागवत नाही. मागाचे सुटे भाग घडवणारे लेथ शहरात जागोजागी आहेत. पिस्टन घासून बसवणं हे वेगळं कसब आहे, ते शिकावं लागेल. पण अडकलेली सरकनळी मोकळी करणं, तिला कडी डकवणं, वाकलेली बेल साच्यावर सरळ करणं या हातांना अवघड जाऊ नये. निगा मात्र वादकाचीच. लाळेतल्या ओलाव्याने पहिल्या नळीतलं जस्त आतून झडतं आणि पितळेवर गुलाबी ठिपके उमटतात. कोकणपट्टीच्या दमट हवेत नळीत ओल टिकून राहते, आणि भिवंडीच्या सुताच्या धुळीचा पिस्टनच्या तेलाशी चिकटा होतो. दर कार्यक्रमानंतर कोमट पाण्याने नळी धुवून कोरडी करणं हा वाद्याचं आयुष्य वाढवायचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

आणि उद्या एखाद्या बँडमालकाने खरोखरच आपल्या ट्रम्पेटवाल्यासाठी मेरठला मागणी पाठवायची ठरवली, तर तिच्यात काय लिहावं, हे मी मनाशी बांधून ठेवलं आहे. बेल गिलेस्पीसारखी वर वळलेली, म्हणजे ढोलांच्या गजरात वादकाला स्वतःचा सूर ऐकू येईल. पत्रा जाड, कारण वाजवायचं उघड्यावर आहे. तिसऱ्या सरकनळीला कडी, आणि पहिलीला अंगठ्यासाठी खोबण. मुख्य सरकनळी नेहमीपेक्षा लांब, मे महिन्याच्या उकाड्यात भरपूर ओढता येईल अशी. पांढरी तीनसाठी बदलता येणारी एक वेगळी जोडनळी. चौथा पिस्टन पाव स्वराचा. शेवटी माउथपीस: तो कुठल्या आकड्याचा, हे मागणीपत्रात लिहून भागणार नाही. त्यासाठी वादकाने मेरठला जायला हवं, कारागिरासमोर उभं राहून आपलं एक कोळीगीत सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवायला हवं, आणि कारागिराने ते पूर्ण ऐकून घेतल्यावरच मोजपट्टी हातात घ्यावी.