आधी पंख मोजा, मग औषधाचे बघा

"कपाशीवर बारीक चिलटे उडतात, कोणते औषध मारू?" असे पुष्कळजण विचारतात. नुसते चिलटे म्हणून भागत नाही. त्यांत काही पिकाचे वैरी असतात, काही सोबती. न ओळखता फवारले तर सोबती मरतात आणि वैऱ्याला रान मोकळे होते. १९८० नंतरच्या दशकात आंध्र प्रदेशात कपाशीवर पांढऱ्या माशीने कहर केला. पायरेथ्रॉइड औषधांचा बेसुमार वापर हे त्याचे एक मोठे कारण होते.

ओळखायचे कसे? सकाळी ऊन चढण्याआधी किडे सुस्त असतात. तेव्हा पाने उलटून बघा. फांदीखाली पांढरा कागद धरून हलकेच झटका. पडलेला किडा काचेच्या बाटलीत घ्या आणि भिंगातून बघा.

वैरी असे ओळखा :

१) पांढरी माशी – पानाखाली बसते, अंगावर पिठासारखी पांढरी भुकटी. नावाची माशी, पण पंख चार.

२) तुडतुडे – हिरवट, पाचरीच्या आकाराचे. तिरके चालतात, हात लागताच उडी मारतात.

३) फुलकिडे – जेमतेम १ मिलिमीटर, सडपातळ. पंखांना झालरीसारखे केस.

४) मावा – मऊ, फुगीर अंगाचा. पाठीमागे दोन बारीक नळ्या. काहींना पंख असतात, काहींना नसतात.

सोबती असे ओळखा :

१) सिरफिड माशी – पिवळे-काळे पट्टे, दिसायला मधमाशीसारखी. पण मधमाशीला पंख चार, हिला दोनच. हिची अळी मावा खाते.

२) क्रायसोपा – पोपटी अंग, जाळीदार पारदर्शक पंख, सोनेरी डोळे. हिची अळीही मावा फस्त करते.

३) ट्रायकोग्रामा – १ मिलिमीटरहून लहान, चार पंख. बोंडअळीच्या अंड्यात आपले अंडे घालते, मग त्यातून अळी निघतच नाही.

वैरी दिसला म्हणून लगेच पंप पाठीला लावू नका. शेतात फिरून २० झाडे निवडा. प्रत्येक झाडाचे वरचे, मधले आणि खालचे पान तपासून किडे मोजा. तुडतुडे पानागणिक सरासरी २ ते ३ झाले, तरच फवारणीचा विचार करावा.

ओळख पटली नाही, तर बाटलीतला किडा गावच्या कृषी कर्मचाऱ्याला किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवा. दुकानात औषध मागायला त्यानंतरच जा.